जाटांच्या जुन्या इतिहासाची साधनं कशी तपासायची

पानिपतातून जीव वाचवून परतलेल्या मराठ्यांना सूरजमल जाटाने अन्नवस्त्र आणि आसरा दिला. या एका उपकारापोटी मी जाटांचा इतिहास वाचायला घेतला. १७६१ पासून मागे सतराव्या शतकापर्यंत वाट बरी होती. त्याच्या मागे गेले आणि एकेका पुस्तकात एकेक मूळपुरुष भेटू लागला. कुणी त्यांना शंकराच्या जटेतून जन्माला घालतं, कुणी यदुवंशात बसवतं, कुणी मध्य आशियातून आणतं. इतक्या मोठ्या, कष्टाळू समाजाचा भूतकाळ असा मनाला येईल तसा सांगितला जावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून माझी तपासायची रीत इथे लिहिते.

एक वही घ्या आणि चार रकाने आखा: घटना कधीची, लिहिलं कधी, कुठे बसून लिहिलं, कुणासाठी लिहिलं. खात्री पटलेलं पेनाने लिहा, बाकीचं पेन्सिलीने. दुसऱ्या लेखकाने तिसऱ्याचा हवाला दिला असेल तर त्या तिसऱ्यापर्यंत पोचल्याशिवाय पेन उचलायचं नाही.

पहिली ओळ चचनाम्याची, म्हणजे सिंधच्या इतिहासावरच्या फारसी ग्रंथाची भरा, कारण जाटांबद्दलचा सर्वांत गाजलेला मजकूर तिथला आहे. सिंधच्या चच राजाने जाटांवर घातलेली बंधनं त्यात आहेत: रेशीम नेसायचं नाही, घोड्यावर खोगीर घालायचं नाही, डोकं आणि पाय उघडे ठेवायचे, बाहेर पडताना कुत्रं सोबत घ्यायचं, राजाच्या मुदपाकखान्याला सरपण पुरवायचं. वाचताना अंगावर काटा येतो. पण रकाने भरा. चच सातव्या शतकातला. अली कूफीने हा ग्रंथ उच इथे (आजच्या पाकिस्तानात) १२१६ च्या सुमारास लिहिला. मधे साडेपाचशे वर्षांहून जास्त काळ गेला. आपण जुन्या अरबी ग्रंथाचं भाषांतर केलं असं तो सांगतो, पण हा तेराव्या शतकातला स्वतंत्र ग्रंथच आहे, असं मनन अहमद आसिफ या इतिहासकारांनी २०१६ मध्ये सविस्तर मांडलं आहे. प्रसंगही नीट पाहा. अरब सेनापती मुहम्मद बिन कासिम सिंध जिंकल्यावर विचारतो, पूर्वी जाटांना कसं वागवत होते? मग ही यादी सांगितली जाते आणि तेच नियम पुढे चालू राहतात. म्हणजे नव्या राज्यकर्त्याच्या कडकपणाला जुन्या राजाचा दाखला मिळतो.

आता ते कुत्रं लक्षात ठेवा. बलाझुरी हा अरब इतिहासकार ८९२ च्या सुमारास वारला. तो लिहितो की अब्बासी खलिफाचा सुभेदार इम्रान बिन मूसा याने सिंधमधल्या जाटांकडून जिझिया घेतला आणि भेटीला येणाऱ्या प्रत्येकाने सोबत कुत्रं आणावं असा हुकूम काढला. कुत्र्याची किंमत पन्नास दिरहमांवर गेली. इम्रान नवव्या शतकातला, म्हणजे हा मजकूर जवळजवळ समकालीन.

हे दोन्ही शेजारी ठेवल्यावर मला आधी आनंद झाला होता: दोन ग्रंथ, एकच तपशील, म्हणजे गोष्ट पक्की! मग रात्रभर विचार करून मी ते खोडलं. बलाझुरीत हा हुकूम अरब सुभेदाराचा आहे, चचनाम्यात ब्राह्मण राजाचा. नवव्या शतकातली आठवण तेराव्या शतकापर्यंत आली आणि मागे नेऊन चचच्या नावावर चढली, हे सहज शक्य आहे. तसं असेल तर साक्षीदार दोन नाहीत, एकच. मी पेनाने एवढंच लिहिलं: नवव्या शतकात सिंधच्या जाटांवर कुत्र्याची सक्ती झाली होती. चचचं नाव पेन्सिलीने.

अरबी ग्रंथांत जाटांसाठी ‘झुत्त’ हा शब्द येतो. तो दिसला की घाईने ‘जाट’ असं भाषांतर करू नका. अरब लेखक तो पुष्कळदा सिंधकडून आलेल्या लोकांसाठी सैल अर्थानेही वापरतात. इराकच्या दलदलीत राहणाऱ्या झुत्तांचं बंड अब्बासी फौजेने ८३४-३५ मध्ये मोडलं आणि त्यांना बायकामुलांसह हलवलं. अरबीत लिहिणारा इतिहासकार तबरी त्यांचा आकडा २७,००० देतो. ही घटना भक्कम आहे. याउलट पाचव्या शतकातल्या इराणच्या बहराम गोर राजाने हिंदुस्थानातून गवई मागवल्याची कथा घ्या. दहाव्या शतकात हमझा इस्फहानी हा इतिहासकार म्हणतो बारा हजार झुत्त आले. १०१० च्या सुमारास शाहनामा हे फारसी महाकाव्य पुरं करणारा फिर्दौसी म्हणतो दहा हजार लुरी. आकडा बदलला, लोकांचं नावही बदललं. ही कथा म्हणून वाचावी.

संस्कृत आधारांच्या बाबतीत माझीच मोठी चूक झाली होती. पाणिनीने जाटांच्या संघाचा, म्हणजे गणराज्याचा उल्लेख केला आहे, असं मी एका अभ्यासमंडळात ठासून सांगितलं. संस्कृत शिकवणाऱ्या एका बाईंनी दुसऱ्या आठवड्यात धातुपाठ, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणाची धातूंची यादी, आणून समोर ठेवला. ‘जट झट संघाते’. जट हा धातू, अर्थ गुंता होणे, एकत्र चिकटणे. त्यावरून जटा. लोकांचा तिथे संबंध नाही, गणराज्याचा तर नाहीच. तेव्हापासून मूळ ओळ डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी संस्कृतचा दाखला देत नाही.

महाभारताच्या कर्णपर्वात शाकल नगराजवळचे ‘जर्तिक’ येतात. जर्तचं जट्ट, मग जाट, हा ध्वनिबदल आपल्या भाषेलाही ओळखीचा आहे: वर्त्म, वट्ट, वाट. त्यामुळे हा दुवा मी गंभीरपणे घेते. मात्र हे बोलतोय कर्ण, शल्याशी भांडताना, त्याच्या मुलखाची नालस्ती करताना. चालीरीतींचं ते वर्णन म्हणजे शिवीगाळ आहे. जर्तिक नावाचे लोक पंजाबात होते, इतकंच त्यातून घ्यावं. ‘गेटी’, ‘जित’ अशा जुन्या लोकनावांच्या नुसत्या नादावर १८२९ मध्ये राजस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या कर्नल टॉडने जाटांना शकांशी जोडलं. तिथे ध्वनिबदलाची अशी साखळी कुणी दाखवेपर्यंत थांबावं. १८८१ च्या पंजाब जनगणनेवर लिहिताना इंग्रज अधिकारी डेन्झिल इबेट्सन यांनी जाट आणि राजपूत यांच्यातला फरक वंशापेक्षा सामाजिक दर्जाचा मानला, ते मला जास्त पटतं.

आधुनिक इतिहासकार वाचताना तो अंदाज कुठे करतो आणि पुरावा कुठे देतो, याची सीमा शोधा. ह्युएन त्संगने सातव्या शतकात सिंधू नदीकाठी गुरं राखणारा मोठा समूह पाहिला, ज्यात गरीब-श्रीमंत असा भेद नव्हता. त्याने नाव दिलेलं नाही. हे जाट असावेत, असं इरफान हबीब म्हणतात. ते स्वीकारावंसं वाटतं, कारण १०३० च्या सुमारास अल-बिरूनीही जाटांना गुरं पाळणारे, खालच्या दर्जाचे शूद्र म्हणतो आणि १५९५ च्या सुमाराच्या आईन-ए-अकबरीत पंजाबात जाट जमीनदार दिसतात. नांगर हाती धरून वर चढत गेलेला समाज! मला हा प्रवास कोणत्याही दैवी वंशावळीपेक्षा थोर वाटतो.

वहीतली एक ओळ मात्र अडून बसली आहे. चंद्रगोमी या जुन्या बौद्ध वैयाकरणाच्या संस्कृत व्याकरणात उदाहरण म्हणून एक वाक्य येतं: ‘अजयज्जर्तो हूणान्’, जर्ताने हूणांना जिंकलं. यावर जाटांच्या पराक्रमाची पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. पण काही अभ्यासक ‘जर्तो’च्या जागी ‘गुप्तो’ असा पाठ धरतात, आणि हूणांशी लढलेला स्कंदगुप्त तर शिलालेखातूनच माहीत आहे. मी दोन्ही पाठ एकाखाली एक लिहिले आहेत, पेन्सिलीने.