बायोप्सीचा रिपोर्ट हातात आल्यावर तो असा वाचा

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली तपासणारी डॉक्टर. रिपोर्टवर सही माझी असते, पण तो घेऊन डॉक्टरांसमोर बसणारा पेशंट मला क्वचितच भेटतो. भेटला असता तर जे सांगितलं असतं, ते इथे लिहिते.

सगळ्यात आधी दोन गोष्टी बघा: तुकडा कुठल्या जागेचा आणि कुठल्या तारखेचा. गाठ महिन्यागणिक बदलते, त्यामुळे रिपोर्ट फक्त त्या जागेबद्दल आणि त्या दिवसाबद्दल बोलतो. पुढचं सगळं हे धरूनच वाचायचं.

मग ग्रेड. ग्रेड आणि स्टेज यांची गल्लत फार होते आणि घरचे विनाकारण हादरतात. पेशी मूळच्या निरोगी पेशींपासून किती वेगळ्या दिसतात, ते ग्रेड सांगतं. गाठ शरीरात कुठवर पोचली, ते स्टेज. ग्रेड 3 म्हणजे तिसरी स्टेज नव्हे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ग्रेडसाठी तीन गोष्टींना प्रत्येकी 1 ते 3 गुण देतात: पेशी नळ्या करतात का, केंद्रकं किती वेडीवाकडी आहेत, आणि किती पेशी विभागताना दिसतात. बेरीज 5 पर्यंत असेल तर ग्रेड 1, 6 किंवा 7 असेल तर 2, आणि 8 किंवा 9 असेल तर 3.

विभागणारी पेशी स्लाइडवर लगेच ओळखू येते. गुणसूत्रांचा गडद जांभळा पट्टा मधोमध उभा असतो, किंवा त्याचे दोन पट्टे होऊन एकमेकांपासून लांब सरकत असतात. निरोगी पेशीत आरबी हे प्रथिन विभागणी रोखून धरतं आणि डीएनए बिघडलेला असेल तर पी53 पेशीला थांबवतं नाहीतर मारून टाकतं. बहुतेक कॅन्सरमध्ये या पहाऱ्यातलं काहीतरी मोडलेलं असतं. मग कधीकधी गुणसूत्रं दोनाऐवजी तीन दिशांना ओढली जाताना दिसतात. अशा विभागणीतून निघालेल्या पेशी एकसारख्या नसतातच. गाठीत एकाच तऱ्हेच्या पेशी भरलेल्या असतात असं समजू नका. त्या आपसातही वेगवेगळ्या असतात.

केआय-67 हे विभागणाऱ्या पेशींत सापडणारं प्रथिन. त्याची टक्केवारी म्हणजे किती पेशी विभागणीच्या चक्रात आहेत ते. आकडा मोठा दिसला म्हणून सगळं संपलं असं धरू नका. बर्किट लिम्फोमा या झपाट्याने वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये तो जवळजवळ 100 टक्के असतो, तरी कडक केमोथेरपीने पुष्कळ पेशंट पूर्ण बरे होतात, कारण बरीचशी केमो विभागणाऱ्या पेशींवरच घाव घालते.

पसरण्याबद्दल ‘लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन’ ही ओळ शोधा. पातळ अस्तराच्या पोकळीत, म्हणजे रक्ताच्या किंवा लिम्फच्या बारीक वाहिनीत, पाचसहा पेशींचा पुंजका अडकलेला दिसला की आम्ही तिथे ‘प्रेझेंट’ लिहितो. म्हणजे गाठीला बाहेरची वाट सापडली आहे. रक्तात शिरलेल्या बहुतेक पेशी मात्र तिथेच मरतात. बी पडलं तरी माती मानवावी लागते, हे इंग्लिश सर्जन स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्येच मांडलं होतं. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांकडे ओढ घेतो तो यामुळेच. मोठ्या आतड्याचा यकृतात जातो, त्याला आतड्याचं रक्त थेट यकृतात जातं हेही कारण आहे. यकृतात सापडलेला आतड्याचा कॅन्सर हा आतड्याचाच असतो आणि औषधंही त्याचीच चालतात. ‘आता लिव्हरचाही झाला’ असं घरात कुणी म्हणत असेल तर त्यांना हे समजावून सांगा.

लिम्फ नोड म्हणजे लिम्फच्या वाटेवरच्या छोट्या ग्रंथी. त्यांच्यापुढे 2/14 असेल तर 14 तपासल्या, 2 मध्ये कॅन्सर आहे. मार्जिन, म्हणजे कापून काढलेल्या भागाची कड, ‘फ्री’ हवं, तिथे कॅन्सर नको. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पेशींवरचं हर-टू हे प्रथिन तपासतात. ते 2+ असेल तर निकाल अजून लागलेला नाही. हर-टू जनुकाच्या प्रती मोजणारी फिश तपासणी झाली का, ते विचारा.

औषध चालेनासं होतं तेव्हाचं जरा सविस्तर सांगते, कारण तिथे लोक हात टेकतात. ‘शरीराला औषधाची सवय झाली’ असं म्हणतात, पण तसं होत नाही. फुफ्फुसाच्या कॅन्सरचं घ्या. पेशीला वाढीचा इशारा देणाऱ्या ईजीएफआर जनुकात बदल असेल तर जेफिटिनिबसारखी गोळी लागू पडते आणि गाठ झपाट्याने आकसते. पण त्या गर्दीत गोळीला दाद न देणाऱ्या मूठभर पेशी अनेकदा आधीपासूनच असतात, काही पुढे तयार होतात. बाकीच्या मेल्या की मोकळी जागा यांना मिळते. गाठ अशी निवडीतून बदलत जाते, हे अमेरिकन कॅन्सर संशोधक पीटर नॉवेल यांनी 1976 मध्ये लिहिलं. जेफिटिनिबला न जुमानणाऱ्या गाठींपैकी साधारण निम्म्यांत ईजीएफआरमधलाच टी790एम हा आणखी एक बदल सापडतो, आणि ओसिमर्टिनिब ही गोळी नेमकी त्यावर चालते. आता बऱ्याच ठिकाणी ओसिमर्टिनिबच आधी देतात. मग गाठ ईजीएफआरमधला सी797एस हा बदल किंवा मेट हे दुसरं जनुक अशा वेगळ्या वाटा शोधते.

म्हणून गाठ पुन्हा वाढू लागली की जुन्या रिपोर्टवर विसंबून राहू नका. ‘नव्याने तपासणी करायची का?’ असं स्पष्ट विचारा. स्तनाच्या कॅन्सरमध्येही पसरलेल्या जागी ईआर (इस्ट्रोजेन हार्मोनचा रिसेप्टर) किंवा हर-टू मूळ गाठीपेक्षा वेगळे निघू शकतात. पहिल्या बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवून ठेवलेला तुकडा, कुठे जपलाय त्याची नोंद ठेवा, तुलनेला लागतो.

रक्तातून होणारी लिक्विड बायोप्सी सोयीची आहे, गाठीत सुई टोचण्याचा त्रास वाचतो. पण गाठीने रक्तात पुरेसा डीएनए सोडलाच नसेल तर बदल असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. शिवाय ती डीएनए वाचते, पेशीचं रूप तिला दिसत नाही. ईजीएफआरच्या काही गाठी गोळ्यांखाली रूप पालटून स्मॉल सेल कॅन्सर या वेगळ्या प्रकारच्या होतात. मग उपचार केमोकडे वळवावा लागतो, आणि हे पक्कं कळतं ते मायक्रोस्कोपखालीच. रक्तात काही सापडलं नाही तर सुरक्षितपणे तुकडा घेता येईल अशी जागा आहे का, ते डॉक्टरांना विचारा. तो पाठवताना फॉर्मवर आधीचं निदान आणि आजवर घेतलेल्या गोळ्यांची नावं लिहिली आहेत ना, तेही बघा. ती नावं वाचली की मी स्मॉल सेल ओळखणारे मार्कर (तुकड्यावरच्या रंगचाचण्या) पहिल्याच फेरीत लावते.