गिटार शिकायचीय? कॉर्ड पाठ करू नका, बदलायला शिका

नवीन गिटार आली की बहुतेक जण पहिल्याच दिवशी कॉर्डचा (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे सूर) मोठा तक्ता डाउनलोड करतात आणि बाराखडी घोकल्यासारखं एकेक कॉर्ड पाठ करत बसतात. मग होतं काय, कॉर्ड सगळ्या धरता येतात पण गाणं काही वाजत नाही, कारण खरी गंमत कॉर्ड वेळेत बदलण्यात आहे आणि तीच प्रॅक्टिस कोणी केलेली नसते.

त्याआधी गिटार तपासा. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पाडलेले खण म्हणजे फ्रेट, ते खुंट्यांच्या बाजूने मोजायचे; बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटची पट्टी यात किती गॅप आहे ते बघा, याला अ‍ॅक्शन म्हणतात. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिकवर जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर छान, चार असेल तर कितीही जोर लावा, बोटं सोलवटतील आणि आवाज तरी फुसकाच येईल. अशी गिटार दुकानातून सेटअप करून घ्या, म्हणजे तारांची उंची कमी करून घ्या, आणि तोवर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून वाजवा, तारा बऱ्यापैकी मऊ लागतात. आणि हो, नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा लावायच्या फंदात पडू नका, त्यांचा ताण जास्त असतो, ब्रिज (गिटारच्या अंगावरची, तारा अडकवायची पट्टी) उखडून हातात येईल.

ट्यूनिंगला फोनवरचं फुकटचं अ‍ॅप पुरतं. जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई. मोजताना मात्र उलट, सगळ्यात बारीक तार पहिली आणि सगळ्यात जाड सहावी. ई दोन आहेत त्यामुळे अ‍ॅप कुठली तार दाखवतंय ते बघून हळूहळू पिळा, बारीक तार जास्त पिळली की तुटलीच समजा. नव्या तारा सुरुवातीला सारख्या उतरतात, त्यात गिटारचा दोष नाही.

आता कॉर्ड. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या अलीकडे, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला ठेवा, दोन पट्ट्यांच्या मधोमध ठेवलं तर जोर जास्त लागतो आणि तार खरखरते. डाव्या हाताची नखं कापलेली हवीत (डावखुरे असाल आणि उलटी धरत असाल तर उजव्या).

पहिली ई मायनर. मधलं बोट पाचव्या तारेवर, अनामिका चौथ्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटला. बाकी तारा मोकळ्या, सहाच्या सहा वाजवा.

मग ए मायनर. तीच जोडी उचलून एकेक तार बारीककडे सरकवा, म्हणजे चौथी आणि तिसरी, फ्रेट तोच, आणि तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला. सहावी तार वाजवायची नाही. या दोघींमध्ये ये-जा हीच सुरुवातीची खरी प्रॅक्टिस, भले ती बोअर होऊ दे. मेट्रोनोम (ठराविक वेगाने ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) 60 वर, म्हणजे मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवा आणि दर चार ठोक्यांना बदला, नाही जमलं तर वेग अजून कमी करा पण ठोका चुकवू नका.

ए मायनरमधून सी ला जाताना तर्जनी आणि मधलं बोट हलवायचंच नाही. फक्त अनामिका उचलायची आणि पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला टेकवायची. लोक इथे सगळा हात उचलतात आणि परत शून्यातून कॉर्ड बांधतात, ती सवय लागूच देऊ नका.

उजव्या हातासाठी आपल्याकडे तयार साचे आहेतच. आठ मात्रांचा केहरवा आणि सहा मात्रांचा दादरा. आधी प्रत्येक मात्रेला एक स्ट्रोक, खाली-वर खाली-वर, आणि पहिल्या मात्रेला जरा वजन द्या, दादऱ्यात चौथीलाही थोडं. तोंडाने मात्रा मोजत वाजवा, लाजू नका. घरात कोणी गाणारं असेल तर अजून मजा येते. सी म्हणजे पेटीवरची पांढरी एक, त्यामुळे गाणाऱ्याची पट्टी काळी एक असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि बोटं सी ची तशीच ठेवा, काम झालं.

दुखण्याचं म्हणाल तर बोटांच्या टोकांना घट्टे पडेपर्यंत दुखणारच, त्यामुळे रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज पंधरा-वीस मिनिटं वाजवा. मनगट दुखायला लागलं तर मात्र थांबा.

राहिला एफ, ज्याला सगळे घाबरतात. पूर्ण बार कॉर्ड, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायची कॉर्ड, सध्या सोडून द्या. सी धरा, तर्जनी जागेवरच ठेवा, मधलं बोट चौथ्या तारेवरून तिसऱ्या तारेवर आणि अनामिका पाचव्यावरून चौथ्यावर, फ्रेट तेच, आणि फक्त खालच्या चार बारीक तारा वाजवा. हा एफ मेजर सेव्हन, बऱ्याच गाण्यांत एफच्या जागी खपून जातो.