चवथ झाली, आता लॉनकडे बघा

गणपतीवरची माटोळी उतरली, गावी गेलेले कामगार एकेक करून परत येऊ लागले. भात-माडाबरोबर जोडधंदा म्हणून ज्यांनी बंगल्यांच्या आणि हॉटेलांच्या बागा सांभाळायला घेतल्या आहेत, त्यांच्यासाठी हे पंधरा-वीस दिवस वर्षातले सगळ्यात महत्त्वाचे. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून आमच्या गोव्यातल्या पेडण्याकडे अशी कामं विचारणारे वाढलेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

या धंद्याची मेख एकच. गवताचं वर्ष मिरगाला सुरू होतं आणि मालकाचं ऑक्टोबरात. गवत माजलेलं असतं तेव्हा घराला कुलूप, आणि पाहुणे उतरायला लागतात तेव्हा गवत दमलेलं. डिसेंबरात हिरवं दाखवायचं असेल तर काम आत्ता, पाऊस ओसरताना करायला हवं. नोव्हेंबरात जागं होऊन युरिया टाकणाऱ्याची धावपळ फुकट जाते.

पहिलं काम म्हणजे जमीन तपासणं. लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि लॉनमध्ये दहा-बारा ठिकाणी टोचा. ओल असताना तो सहज १५ सेंटिमीटर आत गेला तर ठीक. मी एकदा मोरड, म्हणजे उंचावरच्या जमिनीवरच्या एका नव्या बंगल्याचं काम डोळे झाकून घेतलं. पावसात लॉन असं हिरवंगार, की मालकानेच फोटो काढून पाठवले. नोव्हेंबरात पट्टेच्या पट्टे पिवळे पडले. टोचून बघितलं तर दोन इंचांवर खट्! खाली चिऱ्यांचे तुकडे, सिमेंटचा गिलावा, फुटक्या लाद्या. वरची माती फक्त झाकण्यापुरती. त्या वर्षी पाणी घालून घालून हात दुखले आणि बोलणी मीच खाल्ली. म्हणून आता काम ठरवण्याआधी मालकासमोरच टोचून दाखवतो. माती कमी असेल तर तेवढा भाग उकरून भरायचा किंवा तिथे लॉनचा नाद सोडून कुंड्या ठेवायच्या, हे कंत्राट करण्याआधी बोलून घ्यायचं.

किनाऱ्याकडच्या खेर जमिनीत उलटा प्रकार. तिथे रेती असल्यामुळे खत आणि पाणी दोन्ही खाली निघून जातं. खत एकदम न देता तीन हप्त्यांत द्या, आणि वर अर्धा इंच चाळलेलं शेणखत पसरा. खाजनाला, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतजमिनीला लागून असलेल्या प्लॉटवर मी शक्यतो लॉन सुचवतच नाही.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याने जांभ्या मातीतला नत्र आणि पालाश धुऊन नेलेला असतो, आणि माती मुळातच आंबट. चुना किती टाकायचा ते अंदाजाने ठरवू नका. विभागीय कृषी कार्यालयात विचारून मातीची तपासणी करून घ्या. तोवर पाऊस दोन दिवस उघडला, की चौरस मीटरला १० ग्रॅम युरिया वाळूत मिसळून फेकायचा आणि लगेच पाणी मारायचं. पण गवतावर तपकिरी गोल डाग असतील तर थांबा. ती बुरशी आहे, युरियाने ती आणखी फोफावते. आधी पाणी साचणारे खळगे भरा, चर मोकळे करा, आणि पाणी फक्त सकाळी द्या.

पिवळा पट्टा दिसला आणि गवत ओढल्यावर गालिचासारखं सुटून हातात आलं, तर ती हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी. एक फूट लांब-रुंद तुकडा तीन इंच खोल उचलून बघा. पाच-सहापेक्षा जास्त पांढऱ्या, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या अळ्या मिळाल्या, तर मेटारायझियम (अळीला मारणारी बुरशी) पाकिटावरच्या मात्रेने ओल्या मातीत संध्याकाळी घाला. मोठ्या अळीवर त्याचा असर हळू होतो, हे मालकाला आधीच सांगून ठेवा. साळुंक्या आणि बगळे लॉन उकरत असतील तर त्यांना हाकलू नका, ते तुमचंच काम करताहेत.

आता कापणी. चवथीच्या सुट्टीत वीतभर वाढलेलं गवत एका दिवसात साफ करायची घाई सगळ्यांना होते. तसं केलं की आतले पांढरे बुडखे उघडे पडतात आणि उन्हाने करपतात. दर खेपेला फक्त एक तृतीयांश कापा, चार-पाच दिवसांच्या अंतराने. मेक्सिकन गवत तीन-चार सेंटिमीटरवर आणा, रुंद पानाचं पाचवर ठेवा. माडांच्या सावलीत रुंद पानाचंच लावा, सिलेक्शन वन हे बारीक पानाचं गवत तिथे तग धरत नाही. ब्रश कटर चालवण्याआधी जागा चालून बघा. माझ्या मशीनने उडवलेल्या चिऱ्याच्या खड्याने एकदा बाल्कनीची काच गेली आणि अख्ख्या महिन्याचे पैसे तिच्यात गेले. कामगारांना गमबूट द्याच. पाणी साचलेल्या जागी लेप्टो तापाची भीती असते, शिवाय उंच गवतात फुरसं हा विषारी साप दिसत नाही.

बोगनवेल आत्ता छाटा आणि मग तिचं पाणी तोडा. फार लाड केले की नुसता पाला येतो. दीड-दोन महिन्यांत ती भरते. झेंडूची रोपं नाताळसाठी ऑक्टोबरच्या अखेरीस लावली तरी चालतात.

पाण्याचा हिशोब मात्र आजच मांडा, एप्रिलमध्ये नको. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात लॉनला रोज चार-पाच मिलिमीटर लागतं. म्हणजे ५०० चौरस मीटरच्या लॉनला दिवसाला दोन ते अडीच हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर जेमतेम चार-पाच दिवस पुरतो! हा आकडा कागदावर लिहून दाखवला की निम्मे मालक स्वतःच म्हणतात, लॉन थोडं लहान करू. काढलेल्या जागी अबोली, तगर, अनंत लावा. समुद्राजवळ बोअरवेलचं पाणी मचूळ असेल तर पानांची टोकं जळतात. त्याला खत हा इलाज नाही, गोड्या पाण्याने मुळं धुऊन काढावी लागतात.

पैशाचं बोलायला आपण लाजतो. "पावसात पाणी घालायचं नाही, मग चार महिने पैसे कमी घ्या," असं दरवर्षी कोणीतरी ऐकवतं. माझा हिशोब असा आहे: जून ते सप्टेंबर दर दहा दिवसांनी कापणी म्हणजे १२, ऑक्टोबर ते जानेवारी पंधरवड्याने ८, फेब्रुवारी ते मे तीन आठवड्यांनी ६. वर्षाच्या २६ कापण्यांतल्या जवळजवळ अर्ध्या पावसातच होतात, त्यातही दोन उघडिपींच्या मधे घाईघाईत. म्हणून बारा महिन्यांचे बारा सारखे हप्ते लिहून घ्या, आणि दोन महिन्यांची आगाऊ रक्कम ऑक्टोबरात मागा, तेव्हा मालकाला घाई असते. टँकर, माडावर चढणारा पाडेली आणि झाडतोड यांचा खर्च वेगळा, हेही त्यातच लिहा. झाड तोडायला वनखात्याची परवानगी लागते. ती मालकाने आणायची, तोंडी "तोडून टाक" वर कोयता उचलू नका.

नवीन लॉन लावायचं असेल तर तेही याच महिन्यात. जूनमध्ये लावलं तर जुलैची झड माती धुऊन नेते. मिरगानंतर निंदणी करताना आमच्या बायका कोवळा तायकिळो (टाकळा) आधी भाजीला खुडून घेतात आणि मगच बाकीचं तण म्हणतात, तेव्हा त्या दिवसाची मजुरी जरा सैल धरा. लव्हाळा मात्र खुडून जात नाही. गाठीसकट खणून काढा, नाहीतर ऑक्टोबरच्या उन्हात एकाचे चार झालेले दिसतील.