वय वंदना कार्ड काढा, पण अंगठा कुलपात ठेवून

वयाची 70 वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही सरकारी योजनेतून मोफत उपचार देणारं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्नाची अट नाही. लागतं ते आधार, आणि जपायचंही तेच. ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ एवढं बजावून मोकळे होणारे सल्लागार अंगठ्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. ओटीपी काही मिनिटांत बाद होतो, ठसा मात्र बदलून मिळत नाही.

1. पत्ता स्वतः टाइप करा: बेनिफिशियरी डॉट एनएचए डॉट जीओव्ही डॉट इन. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक नको.

2. त्याआधी ‘माय आधार’ संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक करा. बोटं, बुबुळं, चेहरा या तिन्ही वाटा बंद होतात, आधारचा ओटीपी चालू राहतो. शेजारचा आधार क्रमांक लॉक करण्याचा पर्याय वेगळा आहे. तो दाबलात तर आधार क्रमांक टाकून ओटीपीसुद्धा चालत नाही, व्हीआयडी, म्हणजे आधारऐवजी वापरायचा तात्पुरता क्रमांक लागतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी त्या वाटेला जाऊच नका.

खरी कटकट पुढे आहे, आणि माझं डोकं इथेच सगळ्यात जास्त पिकलं. महिना उलटतो, आई रेशनला जाते, ई-पॉस मशीन अंगठा घेत नाही. नोव्हेंबरात बाबांचा हयातीचा दाखला चेहरा दाखवूनही निघत नाही. मग कुणीतरी ‘आधार अपडेट करा’ म्हणून केंद्रावर पिटाळतं. आधाराला काही झालेलं नसतं, तुमचं कुलूप चोख काम करत असतं. अशा वेळी तात्पुरतं अनलॉक करायचं, तेही रांगेत नंबर आल्यावर. घरूनच करून निघालात तर दुकानापर्यंत पोहोचेतो ते आपोआप पुन्हा लॉक होतं. वैतागून कायमचं उघडं टाकणारे खूप पाहिलेत. मग लावलंत कशाला?

3. कार्डासाठीच्या ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीत, ‘आधार ओटीपी’ निवडा. लॉगिनचा ओटीपी वेगळा, तो तुम्ही टाकलेल्या नंबरवर येतो. हा आधारला जोडलेल्या नंबरवरच येणार. कार्ड सायबर कॅफेत काढलंत तर उठण्याआधी डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन दोन्ही रिकामे करा.

4. आठवड्याभराने ‘माय आधार’वर ऑथेंटिकेशन हिस्ट्री उघडा. आधार कुणी, कधी, कशाने पडताळलं ते तिथे दिसतं. अनोळखी नोंद दिसली तर आधारच्या 1947 या हेल्पलाइनला फोन करा. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930.