खरिपाचं बियाणं मागवताना कृषी सेवा केंद्रचालकांनी या चुका टाळाव्यात

मागच्या वर्षी फुले संगम या सोयाबीन वाणाच्या ४० बॅगा गेल्या, म्हणून यंदाही ४०. बहुतेक दुकानांत ऑर्डर अशीच ठरते. पण त्या ४० बॅगा २० जूनलाच संपल्या असतील, तर? त्यानंतर विचारून परत गेलेल्यांची नोंद बिलबुकात नसते. शिवाय संगम नाही म्हणून ज्यानं जे.एस. ३३५ हे दुसरं वाण नेलं, त्याचं बिल ३३५ च्या नावावर चढतं. मग पुढच्या वर्षी ३३५ जास्त येतं आणि पडून राहतं.

गल्ल्याशेजारी एक वही ठेवा. तारीख, वाण, किती बॅगा मागितल्या, बदल्यात दुसरं काही नेलं का, आणि माल संपला तो दिवस. मात्र वहीही फसवते. टंचाईत एकच शेतकरी पाच दुकानं फिरतो आणि त्याच्या चार बॅगांच्या वीस होतात. त्यामुळे तिच्यातला आकडा थोडा कापूनच धरावा.

सगळी ऑर्डर मे महिन्यातच देऊन मोकळं होणं ही दुसरी चूक. सोयाबीनची मागणी बरीचशी घरच्या बियाण्यावर ठरते. गेल्या काढणीत शेंगा भिजल्या असतील तर उगवण घसरते. गोणपाटात १०० दाणे ठेवून ७० सुद्धा उगवले नाहीत, की शेतकरी दुकानाची पायरी चढतो. खतासाठी आलेल्याला ‘घरचं उगवून बघितलं का, दादा?’ एवढं विचारलं तरी अंदाज येतो. उरलेला भाग पावसाच्या हातात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. पाऊस यायला जुलै उजाडला तर मूग-उडीद हुकतात आणि त्यातलं बरंच रान सोयाबीन-तुरीकडे वळतं. म्हणून निम्मा-अर्धा माल आधी भरा, बाकीचा चित्र दिसू लागल्यावर. उशिराच्या बॅगेला चार पैसे जास्त पडले तरी ते परवडतात, असं माझं मत.

किती भरायचं, हा प्रश्न मात्र बहुतेक जण हिशेब न करताच सोडवतात. समजा, बॅगेमागे ३०० रुपये सुटतात आणि उरलेल्या बॅगेत ९०० बुडतात, म्हणजे एक उरलेली बॅग तीन बॅगांचा नफा खाते. औषध चोळलेलं बियाणं मोंढ्यात घालता येत नाही, आणि सोयाबीनची उगवण पुढच्या खरिपापर्यंत टिकेलच असं नाही. अशा वेळी चारपैकी तीन हंगामांत माल थोडा कमी पडावा, इतकाच भरणं फायद्याचं. कंपनी माल परत घेत असेल आणि नुकसान १०० वरच थांबत असेल, तर गणित उलटतं. मग चारपैकी तीन हंगामांत माल पुरला पाहिजे. म्हणजे परतीची अट लेखी घेतल्याशिवाय आकडा ठरवूच नये.

रजिस्टरवरच्या १२ बॅगा गोदामात खरंच १२ आहेत का, तेही बघा. उंदरांनी फोडलेली बॅग कागदावर शाबूतच असते.

मागच्या वर्षी दुबार पेरणी झाली असेल, तर तेवढी विक्री यंदाच्या अंदाजातून वजा करा. ती त्याच रानासाठी दुसऱ्यांदा नेलेली बॅग होती.