हळदीकुंकवासाठी काळा-पांढरा फळं-चीज बोर्ड

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत नाशकात हळदीकुंकवाची धांदल असते. बायका काळ्या साड्या नेसून येतात आणि याच दिवसांत दिंडोरी-निफाडकडचं काळं द्राक्ष बाजारात यायला लागतं. त्यामुळे या दिवसांतला बोर्ड, म्हणजे पाटावर मांडलेली फळं आणि चीज, काळा-पांढराच करावा, असं माझं ठाम मत आहे. रंगसंगती म्हणायची आणि किवी, संत्रं, स्ट्रॉबेरी सगळंच मांडायचं, हे मला पटत नाही. रंग दोनच ठेवा.

पंधरा जणींसाठी एक किलो काळी द्राक्षं (शरद किंवा जम्बो जातीची), अर्धा किलो पनीर, पाव किलो मोझरेला चीज, थोडे सुके अंजीर, काळ्या मनुका, भाजलेले काळे तीळ आणि मिरपूड पुरते. घडाचा देठ हिरवा आणि लवचिक असेल तर माल ताजा; तपकिरी, वाळका देठ असेल तर पुढच्या गाडीवर जा. सुरुवातीचा माल आंबट निघतो, तेव्हा एक मणी चाखल्याशिवाय पैसे देऊ नका.

पनीर म्हशीच्या दुधाचंच घ्या. गाईच्या दुधाचं पनीर पिवळसर दिसतं आणि काळ्या द्राक्षांशेजारी ते आणखीच पिवळं वाटतं. प्रोसेस्ड चीजचे क्यूब याच कारणाने इथे नकोत. मोझरेलाच्या पाकिटावर हिरवा ठिपका आहे ना, तेही बघा. काही चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या पाचकरसाने, विरजलेली असतात आणि हळदीकुंकवाला येणाऱ्या कितीतरी जणी शुद्ध शाकाहारी असतात.

आता खरी गोम. बोर्ड बिघडतो तो पाण्याने. ‘द्राक्षं धुऊन चाळणीत निथळू द्या आणि मांडा’ असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो ऐकू नका. निथळलेला घड वरून कोरडा दिसतो, पण मण्यांच्या बेचक्यात, देठाशी पाणी अडकून राहतं. घड पनीरशेजारी ठेवला की ते हळूहळू खाली उतरतं. काळ्या द्राक्षाचा रंग सालीत असतो. एखादा मणी दबला किंवा फुटला की तो रंग त्या पाण्यात उतरतो आणि पनीरच्या कडेला जांभळट डाग पडतो. तो पुसून जात नाही, तुकडाच फेकावा लागतो.

म्हणून घड आदल्या रात्री धुवा. फवारणीचे डाग दिसत असतील तर वाहत्या पाण्याखाली हलक्या हाताने चोळा. मण्यावरची पांढुरकी पावडर मात्र नैसर्गिक असते, ती घासून काढायचा हट्ट नको. मग कात्रीने पाच-सहा मण्यांचे झुबके कापा. मणी ओढून सुटे करू नका. देठाकडचं तोंड उघडतं आणि तिथूनच रस झिरपतो. झुबके सुती पंचावर एकमेकांना न चिकटता पसरा आणि पंख्याखाली ठेवा. तासाभराने प्रत्येक झुबका उलटा करा. खालची बाजू हमखास ओली सापडते. रात्रभर ते बाहेरच राहू द्या. नाशकातल्या जानेवारीच्या थंडीत एका रात्रीत द्राक्षांना काही होत नाही. सकाळी फ्रिजमध्येही टाकू नका, कारण गार द्राक्षं बाहेर काढली की त्यांच्यावर दव जमतं आणि रात्रीची सगळी मेहनत वाया जाते.

पनीरचंही तसंच. विकतचं असेल तर कपड्यात गुंडाळून वजनाखाली दोन तास फ्रिजमध्ये दाबा. चौकोन कापून पुन्हा टिपून घ्या आणि एकच बाजू तिळात दाबा. सगळ्या बाजूंनी घोळवलं तर तुकडा दुरून काळाच दिसतो, शिवाय ओलसर पनीरला तिळाचा राखाडी रंग लागतो. मीठ अगदी शेवटी भुरभुरा. आधी घातलं की पनीरला पाणी सुटतं.

मोझरेलाच्या पातळ चकत्या करून त्यावर मिरपूड घाला, नुसता तो फिका लागतो. अंजीर उभे चिरा.

मांडणी सोपी. सागाचा कोरडा पाट घ्या, आधी पांढरं ठेवा, मधल्या जागेत द्राक्षांचे झुबके आणि फटींत मनुका. द्राक्ष आणि पनीर यांच्यामध्ये अंजिराची एक ओळ येऊ द्या. शोभेला पुदिन्याचं पान खोचू नका.

हळदीकुंकवाला सगळ्या एकदम येत नाहीत, चारपासून सातपर्यंत ये-जा चालू असते. म्हणून अर्धाच बोर्ड मांडा, बाकीचं चीज आणि पनीर डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि लागेल तसं काढा. पहिल्या खेपेचं चीज पाहुण्या यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, गारढोण चीजला चव लागत नाही. बाहेर दोन तास झालेलं पनीर मात्र उचला, परत डब्यात टाकू नका. डब्यात उरलेल्याची दुसऱ्या दिवशी तिळासकट भुर्जी करा, छान लागते.