लहान कारखान्यातील कामगारांना राज्य विम्याचे संरक्षण कसे मिळवून द्यावे

चाकण किंवा भोसरीसारख्या औद्योगिक पट्ट्यात नवा कारखाना सुरू करणाऱ्या मालकाने यंत्रे बसवण्याइतकेच लक्ष कामगारांच्या विम्याकडे द्यावे. कामाला १० किंवा अधिक माणसे असतील, तर कर्मचारी राज्य विमा निगमाच्या संकेतस्थळावर कारखान्याची नोंदणी करावी आणि दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या प्रत्येकाचे नाव, ठेकेदारामार्फत आलेल्यांसह, रुजू होताच नोंदवावे. प्रेसमध्ये बोट सापडल्यावर धावपळ करण्यात काहीच अर्थ नसतो.

विम्याच्या वर्गणीत मालकाचा वाटा वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के असतो. दोन्ही पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावेत. कुटुंबीयांची नावे नोंदवून ई-पहचान कार्डाची, म्हणजे विम्याच्या ओळखपत्राची, छापील प्रत कामगाराच्या हाती द्यावी. कुटुंब बिहारमध्ये किंवा मराठवाड्यातील गावी राहत असेल, तर त्यांच्यासाठी तिकडचा दवाखाना निवडता येतो, आणि ही मोलाची सोय कामगाराला आवर्जून समजावून सांगावी.

आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. मात्र त्यासाठी संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा असावी लागते, म्हणून हजेरीपत्रकातील दिवस आणि वर्गणी भरताना दाखवलेले दिवस दर महिन्याला ताडून पाहावेत.